भंडारा जिल्ह्यांतील मृत्युनोंद, कर्करोग आणि वयाचा रकाना

(१) विषयाचा प्रस्ताव

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, कैफियती, करीने, शकावल्या आणि खासगी पत्रें हीं आपल्या डोळ्यांसमोर येतात. गांवच्या मृत्युनोंदवहीस हा मान सहसा मिळत नाहीं. ती वही रुक्ष, तिचा लेखक अज्ञात, आणि तींत आलेलीं माणसें इतकीं सामान्य कीं, त्यांच्याविषयीं दुसरा एकही कागद बहुधा उरलेला नसतो. परंतु एखाद्या प्रांतांत लोक कोणत्या रोगानें आणि कोणत्या वयांत मेले हें सांगणारें इतकें व्यापक समकालीन साधन दुसरें नाहीं. आज ज्यास वैद्यकीय पुरावा म्हणतात त्याची पहिली पायरी हीच वही होय.

प्रस्तुत लेखाचा विषय भंडारा जिल्हा, कर्करोग आणि वार्धक्य असा त्रिविध असला, तरी सिद्ध करावयाचें प्रमेय एकच आहे. कर्करोग हा मुख्यत्वें उतारवयाचा रोग आहे. म्हणून त्याविषयींचें कोणतेंही अनुमान वयाच्या रकान्यावर अवलंबून असतें. परंतु आपल्या कागदांत वयाचा रकाना हाच सर्वांत दुबळा आहे. पुढें जेव्हां शास्त्रशुद्ध प्रयोग झाले, तेव्हांही त्यांपैकीं बहुतेकांत वृद्धांस वयाची मर्यादा घालून बाहेर ठेवण्यांत आलें. परिणामीं ज्यांस हा रोग अधिक होतो त्यांच्याविषयींच पुरावा कमी, असा विपरीत प्रकार घडला आहे. हें कसें झालें, आणि तें दुरुस्त करण्यास जुन्या कागदांचे संग्राहक कांहीं करूं शकतात कीं काय, याचा येथें विचार करावयाचा आहे.

(२) नांवाचा प्रश्न

जुन्या दफ्तरांत 'कर्करोग' हा शब्द शोधूं गेल्यास निराशाच पदरीं यावयाची. हा शब्द अर्वाचीन असून, ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेंकड्यावरून जें नांव दिलें त्याचा तो संस्कृत वेष आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, अकराव्या अध्यायांत, ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचें निदान एकत्र दिलेलें आहे. माधवनिदानाच्या पोथ्यांतही हीं नांवें आढळतात. यांतील अर्बुद म्हणजे आजचा कर्करोगच, असें समीकरण पुष्कळ ठिकाणीं मांडलेलें दिसतें. परंतु तें सरळ स्वीकारतां येत नाहीं. वाटोळी, स्थिर, सावकाश वाढणारी, खोल मूळ असलेली आणि न पिकणारी गांठ हें अर्बुदाचें लक्षण. त्यांत पुष्कळशा निरुपद्रवी गांठीही बसतात. उलट अन्ननलिकेचा किंवा गर्भाशयमुखाचा, बाहेरून न दिसणारा कर्करोग त्यांत बसतच नाहीं. शब्दावरून रोग ओळखणें हें मुद्रेवरून पत्राचा मजकूर ओळखण्यासारखें आहे.

दुसरी अडचण कागदांच्या स्वभावाची आहे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें वारले, हें आपण निश्चयानें सांगतों. कारण त्यांच्या दुखण्याभोंवतीं राज्य उभें होतें आणि म्हणून कागद जमले. त्याच वर्षीं वैनगंगेच्या कांठीं एखादी कोष्टीण तोंडांतील व्रणानें गेली असल्यास तिच्याविषयीं कागद जमण्याचें कारणच नव्हतें. कागद नाहीं म्हणून रोग नव्हता, असें म्हणणें हा तर्कदोष होय. हा दोष पुढें एका मोठ्या वादांत शिरला. तो वाद समजण्यास प्रथम आपल्या जिल्ह्याची नोंदवही पाहिली पाहिजे.

(३) कोतवालाची वर्दी

तिसरे रघोजी भोंसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले आणि नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि भंडारा त्यांतील एक जिल्हा झाला. या जिल्ह्याचें गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांनीं १९०८ सालीं संपादिलें. तळीं, धान, पितळेचीं भांडीं, पवनीचीं वस्त्रें यांविषयीं ज्यास जिज्ञासा असेल त्यानें तें अवश्य पाहावें. येथें आपला संबंध फक्त मृत्युनोंदीच्या पद्धतीशीं आहे.

मध्यप्रांतांत ही नोंद गांवच्या कोतवालावर सोंपविलेली होती. गांवांत जन्म वा मृत्यु झाला कीं कोतवालानें ठाण्यावर वर्दी द्यावी, असा क्रम होता. कोतवाल बहुधा निरक्षर. तो तोंडीं सांगे, आणि लिहिता येणारा दुसरा कोणी तें टिपून घेई. मृत्यूचीं कारणें लिहिण्यास कांहीं ठराविक सदरें होतीं: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात, आणि शेवटीं 'इतर सर्व कारणें'.

साधनपरीक्षेच्या दृष्टीनें या नोंदीकडे पाहिलें असतां तीन दोष स्पष्ट दिसतात. पहिला दोष साक्षीदाराचा. मृताचें शरीर वैद्यानें पाहिलेलें नसे. साथींत पटकीचा मृत्यु कोणालाही ओळखतां येई. परंतु वर्षभर झिजून मेलेल्या माणसाच्या रोगाचें निदान कोतवालानें कसें करावें? शेवटीं अंगांत कणकण होती एवढें घरच्यांनीं सांगितलें कीं 'ताप' हें सदर तयारच होतें. दुसरा दोष सदरांचा. कर्करोगास सदरच नव्हतें; तो ओळखला गेला तरी 'इतर सर्व कारणें' या विहिरींत पडून बुडे. जें सदर छापलेलें नाहीं त्या सदराखालीं शून्य आढळतें, आणि तें शून्य पुढच्या पिढीचा लेखक पुरावा म्हणून उचलतो.

तिसरा दोष वयाचा. आपल्या विषयास तोच मर्मभूत आहे. हिंदुस्थानांतील जुन्या शिरगणत्यांचे वयाचे तक्ते उघडून पाहिल्यास ० आणि ५ या अंकांनीं संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी झालेली दिसते. ४९ किंवा ५१ वर्षांचा माणूस सांपडणें कठीण. पन्नाशीचे मात्र घरोघर. लोक खोटें बोलत होते असें नव्हे. वय हा मोजण्याचा विषयच नव्हता. ज्यांच्या घरीं जन्मपत्रिका केली जाई त्यांस आपला शक, तिथि व घटका ठाऊक असत. इतरांस वय सांगावयाचें तें एखाद्या मोठ्या घटनेच्या आधारानें: १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी, अमक्या सालचा महापूर. कोतवालानें ठाण्यावर सांगितलेलें वय हें अशा अंदाजाचा अंदाज होतें. आणि साठीच्या पुढच्या माणसाबाबत तर वयच कारणाच्या रकान्यांत जाऊन बसे. 'म्हातारपण' हें मृत्यूचें पुरेसें कारण समजलें जाई.

(४) 'हिंदी लोकांस हा रोग क्वचित्'

या कागदांच्या आधारावर, आणि रुग्णालयांतील तुटपुंज्या आंकड्यांवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं असें मत प्रचलित झालें कीं, कर्करोग हा सुधारलेल्या, मांसाहारी राष्ट्रांचा रोग असून हिंदी लोकांस तो क्वचित् होतो. शाकाहाराचे पुरस्कर्ते इंग्रज लेखक हें मत आवडीनें उद्धृत करीत. आपल्याकडेही तें अभिमानास पोषक होतें, म्हणून फारसें तपासलें गेलें नाहीं.

त्याची खरी परीक्षा नाथ आणि ग्रेवाल या दोन संशोधकांनीं १९३५ पासून पुढें 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकांतील लेखांत केली. देशांतील वैद्यकीय विद्यालयांच्या रुग्णालयांत झालेल्या शवपरीक्षा व ऊतिपरीक्षा यांच्या नोंदी त्यांनीं जमविल्या. म्हणजे कोतवालाची वर्दी सोडून ते, आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, अस्सल कागदाकडे वळले. त्यांचा निष्कर्ष असा कीं, मध्यम व उतारवयाचे हिंदी लोक इतर देशांतील समवयस्कांप्रमाणेंच या रोगास बळी पडतात. एकूण प्रमाण कमी दिसतें तें एवढ्याचसाठीं कीं, त्या वयास पोंचणारे लोकच येथें थोडे. १९२१ ते १९३१ या दशकांत हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मर्यादा सुमारें २७ वर्षें होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या विधानाचा अर्थ नीट उमगतो. कर्करोग येथें नव्हता असें नव्हे; कर्करोगाचें वय येण्यापूर्वींच पटकी, प्लेग आणि ताप माणसास गांठीत होते.

या एका दुरुस्तीनें सबंध वाद निकालांत निघाला, आणि ती दुरुस्ती वयाच्या रकान्यांतून आली. ज्या दोन समाजांतील वृद्धांचें प्रमाण भिन्न, त्यांची तुलना वयाचा हिशेब काढून टाकल्याखेरीज करूं नये, हा नियम आज सर्वमान्य आहे. जपानचे मित्सुओ सेगी यांनीं १९६० मध्यें एक 'प्रमाण लोकसंख्या' सुचविली. पुढें ती किंचित् सुधारून जगभर वापरांत आली. निरनिराळ्या देशांचे आंकडे या एकाच मापानें मोजले जातात. जशीं निरनिराळ्या परगण्यांचीं मापें एका शेराशीं ताडून पाहावयाचीं, तसाच हा प्रकार. परंतु माप कितीही शुद्ध असलें तरी वय चुकीचें लिहिलें असल्यास त्याचा उपयोग काय?

(५) नवें दफ्तर

२८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. यांतील 'लागोपाठ' हा शब्द महत्त्वाचा आहे. निवडक रुग्ण घेतले असते तर लेखकाच्या आवडीनिवडीचा दोष आला असता. ओळीनें आलेले सर्व घेतले म्हणजे तो टळतो. संग्राहकानें रुमालांतील सोईचे कागद न निवडतां सगळा रुमाल छापावा, तसेंच हें.

तथापि रुग्णालयाची वही ही रुग्णालयांत पोंचलेल्यांची वही असते. सबंध वस्तीची नोंद पाहिजे असल्यास निराळी योजना लागते. ती डॉ. दारा जस्सावाला यांच्या पुढाकारानें भारतीय कर्करोग संस्थेनें मुंबईंत उभारली; तिच्या नोंदी १९६४ पासून आहेत, आणि हिंदुस्थानांतील ही पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी होय. १९८१ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें राष्ट्रीय योजना हातीं घेतली. पण खेड्यांचें काय? त्याचें उत्तर १९८७ सालीं बार्शीनें दिलें. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी यांनीं बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांची नोंदणी सुरू केली. खेड्यांतील रोगी रुग्णालयाकडे येत नाहीं, म्हणून नोंदणीचा कारकूनच खेड्याकडे गेला. गांवांतील जाणत्या माणसांस भेटून, संशयित रोग्यास शोधून, त्यास तपासणीस आणूं लागला. कोतवाल ठाण्यावर जाऊन मेलेल्याची वर्दी देत असे. बार्शीचा कार्यकर्ता गांवांत जाऊन जिवंत माणसाची नोंद करीत होता. या दोहोंत शंभर वर्षांचें अंतर आहे, पण त्याहून मोठें अंतर हेतूचें आहे.

(६) दोन साधनांचा विरोध आणि त्याचा उलगडा

नोंदणीनें रोगाचें प्रमाण कळतें. कोणता उपाय गुणकारी हें कळत नाहीं. त्यासाठीं तुल्य गट पाडून प्रयोग करावा लागतो. गट कोणाच्या मर्जीनें न पाडतां सोडतीनें पाडावयाचे, हें या पद्धतीचें हृदय आहे. बार्शीच्या अनुभवावर उभारलेला असा एक प्रयोग उस्मानाबाद जिल्ह्यांत (२०२३ पासून धाराशिव) झाला व त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया ५२ ग्रामसमूहांत विभागून चार गट केले होते. एका गटास विषाणूची तपासणी, दुसऱ्यास पेशीपरीक्षा, तिसऱ्यास अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणी, आणि चौथ्यास प्रचलित सोय. तपासणी एकदांच करावयाची होती. आठ वर्षांच्या निरीक्षणांत विषाणु-तपासणीच्या गटांत ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें दगावल्या. चौथ्या गटांत ३१,४८८ पैकीं ६४. डोळ्यांनीं पाहण्याच्या पद्धतीनें मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाहीं.

२०१४ सालीं मुंबईंतील प्रयोगाचा वृत्तांत आला. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांच्या या प्रयोगांत तीच डोळ्यांनीं पाहण्याची पद्धत वापरून मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. एक साधन होय म्हणतें, दुसरें नाहीं. मग खरें कोणतें? दोन बखरींत विरोध आला असतां आपण एकीस खोटी ठरवून मोकळे होत नाहीं. लेखक, काळ आणि प्रसंग ताडून पाहतों. येथेंही तसें केलें असतां एक मोठा भेद हातीं येतो: उस्मानाबादेस पाहणी एकवार झाली, मुंबईस दोन दोन वर्षांच्या अंतरानें चार वेळां. साधी पद्धत वारंवार वापरल्यास फळ देते, एकदांच वापरून सोडल्यास भरंवशाची नाहीं, असा उलगडा युक्त दिसतो.

याच मुंबईच्या स्त्रियांत स्तनांची हातानें तपासणी करण्याचाही प्रयोग झाला. त्याचा वीस वर्षांचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या असतां मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, परंतु ती योगायोगानें आलेली नव्हे असें खात्रीनें म्हणतां येईना. वयाप्रमाणें पृथक् केल्यावर मात्र पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत घट सुमारें ३० टक्के भरली, आणि ती निश्चित होती. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाहीं. वयाचा रकाना नसता तर हा निकाल 'अनिर्णित' म्हणून पडून राहिला असता.

या प्रयोगांवर एक गंभीर आक्षेपही घेण्यांत आला आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या गटांस तपासणी मिळाली नाहीं त्यांतील स्त्रिया मरण पावल्या, त्या मोजल्या गेल्या. तपासणी उपयुक्त असते हें अन्यत्र ठाऊक असतां असा गट ठेवणें न्याय्य होतें काय, आणि त्या स्त्रियांस सर्व गोष्टी नीट समजावून सांगितल्या होत्या काय? प्रयोगकर्त्यांचें म्हणणें असें कीं, त्या वेळीं त्या प्रदेशांत प्रचलित सोय हीच होती, आणि आपल्या परिस्थितींतील पुराव्याखेरीज सरकार पाऊल उचलीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वरील तक्त्यांतील ६४ हा आंकडा वाचतांना त्यामागें ६४ घरें होतीं, हें संशोधकानें विसरूं नये. पुराव्याची किंमत कोणीतरी दिलेली असते.

(७) वृद्धांचें स्थान

आतां वरील वयोमर्यादा पुन्हा पाहाव्या: ३० ते ५९, आणि ३५ ते ६४. सरकारनें २०१६ सालीं मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या सार्वत्रिक तपासणीची जी मार्गदर्शिका काढली तींतही मर्यादा ३० ते ६५ अशी होती. या मर्यादांस कारणें आहेत; ज्यास पुढें अधिक आयुष्य त्यास लाभ अधिक, हा हिशेब चुकीचा नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, पासष्टीच्या पलीकडील माणसाविषयीं या प्रयोगांत पुरावाच उत्पन्न झाला नाहीं. याला अपवाद त्रिवेंद्रमच्या मुखतपासणीच्या प्रयोगाचा. त्यांत ३५ वर्षें व त्यापुढील सर्व वयाचीं माणसें घेतलीं होतीं, आणि २००५ च्या वृत्तांतानुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यु ३४ टक्क्यांनीं कमी झाले. भंडाऱ्यास याचें महत्त्व विशेष. तेंदूपानें आणि विडी यांवर या भागांतील कित्येक घरांची गुजराण झाली. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भांत म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं असतो. सुपारी ही तंबाखूवांचूनही कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या ग्रंथांत दिलेला आहे.

उपचाराच्या बाबतींत वृद्धांस दुहेरी अन्याय सोसावा लागतो. कोणास वय पाहूनच उपचार नाकारले जातात. कोणास तरुणांवर परीक्षिलेल्या मात्रा जशाच्या तशा दिल्या जातात, व त्या सोसत नाहींत. यावर अलीकडे निघालेला उपाय म्हणजे वृद्धाची सर्वांगीण परीक्षा: तो चालतो कसा, पडतो कां, खातो किती, आठवण कशी आहे, औषधें कोणतीं चालूं आहेत, घरीं पाहणारें कोण आहे. अमेरिकेंत ७० वर्षें व त्यापुढील ७१८ रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगांत, २०२१ च्या वृत्तांतानुसार, अशा परीक्षेची माहिती वैद्याच्या हातीं दिली असतां औषधांचे तीव्र अपाय ७१ टक्के रुग्णांत व्हावयाचे ते ५१ टक्क्यांत झाले. आणि मात्रा सौम्य केल्यामुळें आयुष्य घटलें, असें दिसलें नाहीं. मुंबईस टाटा रुग्णालयांत २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. २०१२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाचा उद्देशच असा कीं, उपचाराचीं प्रमाणें मुंबईस एक व लहान गांवीं दुसरीं असूं नयेत.

येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. या परीक्षेंत माणसाचें स्वावलंबन मोजण्यास वापरली जाणारी एक प्रसिद्ध प्रश्नावली लॉटन व ब्रॉडी यांनीं १९६९ सालीं तयार केली. तींत दूरध्वनि वापरणें, बाजारहाट, पैशाचा व्यवहार, प्रवास असे आठ विषय आहेत. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यांतील सत्तरीची बाई कदाचित् बँकेचा व्यवहार कधींच करीत नसेल. पण आषाढांत धानाच्या रोवणीस ती चिखलांत उभी राहते. तिला अशक्त ठरविणारी प्रश्नावली सदोष आहे; तिची रोवणी यंदां सुटली हें विचारणारी प्रश्नावली खरी. कोतवालाच्या वहींत जसें कर्करोगास सदर नव्हतें, तसें या प्रश्नावलींत रोवणीस सदर नाहीं. सदरें दुसऱ्याचीं उसनीं घेतलीं म्हणजे आपलें माणूस 'इतर' मध्यें जातें, हा धडा एकदां आपण घेतलेला आहे.

(८) भंडाऱ्याची आजची नोंद आणि संग्राहकांस विनंती

२०११ च्या शिरगणतींत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. हा आंकडा जुन्या आंकड्यांशीं ताडणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वींचा भंडारा व नंतरचा भंडारा हे एक नव्हेत. राष्ट्रीय कर्करोग-नोंदणीच्या २०२० च्या अहवालांत २८ लोकसंख्याधिष्ठित नोंदण्यांचे आंकडे आहेत. त्यांत विदर्भांतील दोन, वर्धा आणि नागपूर. भंडाऱ्याविषयीं अनुमान करावयाचें तें या शेजाऱ्यांवरून. शेजारच्या परगण्याच्या जमाबंदीवरून आपल्या गांवचा वसूल ठरविण्यासारखें हें आहे; अगदींच निरुपयोगी नव्हे, पण पुरेसें नव्हे.

१९६९ च्या कायद्यानें मृत्युनोंद सक्तीची झाली, आणि वैद्यानें भरावयाच्या कारणपत्रकांत तात्कालिक कारण व मूळ कारण असे वेगळे रकाने आले. तरीही 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळें' एवढेंच लिहून पत्रक पुरें केलेलें आढळतें. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. तें मृत्यूचें वर्णन झालें, कारण नव्हे. या उणिवेवर एक उपाय इतिहासकारांस जवळचा वाटेल. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत ६,६७१ लहान क्षेत्रांतील १,२२,४२९ मृत्यूंविषयीं घरच्या माणसांच्या जबान्या घेतल्या, आणि दोन वैद्यांनीं त्या स्वतंत्रपणें वाचून कारण ठरविलें. मतभेद झाल्यास पुन्हा विचार केला. त्यांतून २०१० सालीं भारतांत कर्करोगानें ५,५६,४०० मृत्यु झाले असावे, असें अनुमान निघालें. तोंडीं साक्ष दोन परीक्षकांनीं तपासून घेणें ही आपलीच रीत आहे. मात्र अतिवृद्धांच्या बाबतींत ही रीतही ढिली पडते, कारण 'वय झालें होतें' यापलीकडे घरचे सांगत नाहींत.

म्हणून शेवटीं विनंती. ज्यांच्या संग्रहीं वैद्यांचीं टिपणें, औषधांच्या याद्या, जन्मटिपणें, कुळांच्या मृत्युतिथींच्या वह्या, श्राद्धतिथींच्या याद्या असतील, त्यांनीं त्या राजकीय मजकूर नाहीं म्हणून बाजूस टाकूं नयेत. मृत्युतिथीची यादी आणि जन्मपत्रिका एकाच घरांत मिळाल्यास त्या घरापुरता तरी वयाचा रकाना अचूक भरतां येतो. आणि अशीं शंभर घरें मिळाल्यास ठाण्यावरच्या वर्दींतील वयें किती वर्षांनीं चुकत होतीं, याचें माप हातीं येईल. त्याचप्रमाणें आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांचें वय ठरविण्यास या जिल्ह्यापुरती घटनांची एक शकावली करून रुग्णालयांस द्यावी. १९४७ चें स्वातंत्र्य, १९५४ ची डॉ. आंबेडकर यांनीं लढविलेली भंडाऱ्याची पोटनिवडणूक, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, या खुणा येथील वृद्धांच्या मनांत आहेत. 'दीक्षेच्या वेळीं मी शाळेंत जात होतों' असें सांगणाऱ्याच्या वयास कांहीं तरी आधार मिळतो. नुसतें 'साठ-सत्तर असेल' लिहून तो मिळत नाहीं. हीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.

कोतवालाच्या वहींत जो वृद्ध 'म्हातारपणानें' मेला त्याचा रोग आतां कळण्याचा संभव नाहीं. जो आज हयात आहे त्याच्यापुरता तरी रकाना कोरा राहूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.